कोरडा खल

१९६४ साल. फार्मसीच्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. मी नापास झाले तर वडील माझं लग्न उरकणार होते.

एरंडेल, डिंक, पाणी घोटून दुधासारखं औषध करायचं होतं. सगळ्यांनी खल धुऊन घेतले. मी माझा पदराने कोरडाठाक केला. ओल राहिली की तेल फुटून वर येतं.

"भांडी पुसायला आलात का, बाई?" शेजारचा प्रभुदेसाई हसला.

"हो. तुमचंही पुसून देऊ?"

मी घोटू लागले. तेल-डिंक जमल्याचा चटचट आवाज आला, औषध पांढरंशुभ्र झालं. त्याच्या खलात तेल तरंगत होतं.

वडिलांनी पुन्हा स्थळाचं नाव काढलं नाही. प्रभुदेसाई ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत पास झाला, पुढे त्याने औषधाचं दुकान काढलं. मी कॉलेजात तोच विषय शिकवू लागले. एका वर्षी त्याची मुलगी माझ्या वर्गात आली. पहिल्याच दिवशी तिने खल पुसला.

"बाबांनी सांगितलंय," म्हणाली.