सोबत कुत्रा

'कुत्र्यासह कुटुंबाचे स्वागत' अशी चलथाणजवळच्या फार्महाऊसची जाहिरात होती. कुत्रा सक्तीचाच आहे असं समजून आम्ही डिंडोलीतल्या आमच्या गल्लीतल्या भटक्या शेरूला बिस्किटं दाखवून गाडीत बसवलं.

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "कुत्रा नसता तरी चाललं असतं, साहेब."

बायको, नूतन, माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात शेरू सुटला आणि हिरवळीवर गोल गोल पळू लागला.

"निघताना सोडू या इथेच," मी म्हणालो. "गल्लीचीही सुटका होईल."

एरवी त्याला रोज झाडू घेऊन हाकलणारी नूतन फार्महाऊसच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती.

"अहो, मागे कुणीच लागलेलं नाही, तरी पळतोय!" ती हळूच म्हणाली. "पुढच्या रविवारी पुन्हा आणू या त्याला."