नंबर नसलेला भुंगेरा

परसातल्या सीताफळावर द्वारकाबाईंना एक हिरवट भुंगेरा दिसला. त्यांनी त्याला अलगद उलटा केला. खरे किडे नाहीसे झाल्यावर शेती खात्याने सोडलेल्या प्रत्येक यंत्रकिड्याच्या पोटावर नंबर असतो, याच्या नव्हता.

सुनेने, मंजिरीने, त्याच्यावर फोन धरला. "नोंद सापडत नाही, आई. बिघडलेलं यंत्र असेल. खात्याला कळवते, घेऊन जातील."

तेवढ्यात भुंगेरा पानाच्या कडेवर सरकला आणि सावकाश कुरतडू लागला. यंत्रं खात नाहीत. एकेकाळी याच परसात औषध फवारणाऱ्या द्वारकाबाई वाकून त्याचं खाणं बघू लागल्या. पानाला भोक पडलं आणि त्यातून उन्हाचा ठिपका मंजिरीच्या तळहातावर उतरला. कुरतडलेलं पान ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

"कळवू का?" तिने हळूच विचारलं.

"नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "जेवत्याला ताटावरून उठवू नये."