बुरुजावरची तरवडाची फुलं

श्रावणी सोमवारी धोंडाबाई निलंग्याकडच्या माळाला अनवाणी फेरी घालायची, वाटेतली गावं ओलांडून पुन्हा आपल्या दारात. यंदा सून उज्वलाही सोबत होती. दोघींचा जीव दयानंदात अडकलेला. एकीचा लेक, दुसरीचा नवरा; तो सरहद्दीवर, फौजेत.

माळ हिरवागार झाला होता, तरवड पिवळाधमक फुलला होता. "किती निगुतीनं केलंय देवानं हे सारं," धोंडाबाई हळूच म्हणाली.

माळावरच्या जुन्या बुरुजाला रझाकारांच्या वेळच्या गोळ्यांची भोकं होती. फौजेतल्या पोरांच्या आया त्या प्रत्येक भोकात तरवडाचं फूल खोवायच्या. एकही भोक उघडं राहिलं नाही, तर लेकाकडं गोळी फिरकत नाही, ही त्यांची श्रद्धा.

"आत्याबाई, न बघताच खोवायलात की!"

"तुझ्या सासऱ्याचं तोंड इसरंन एखादवेळी, ही भिंत न्हाई."

उज्वला खुदकन हसली. ओंजळ रिकामी झाली तशा दोघी मागं सरल्या. बुरूज नवरीसारखा सजला होता. धोंडाबाईचे डोळे भरून आले, तिनं हात जोडले.

"एक राहिलं की, आत्याबाई."

फुलांच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, एक भोक उघडं होतं. इतक्या वर्षांत तिथं धोंडाबाईच्या हाताला नुसता सपाट दगड लागला होता. भोकातून दगडाची भुकटी अजून गळत होती. गोळीचा आवाज तर दोघींनीही ऐकला नव्हता.

आभाळ भरलेलं, हवा गार. धोंडाबाईनं भोकात बोट घातलं आणि झटकन मागं घेतलं.

आतला दगड पोळत होता.