फोतिनीचा मजला

"आत्ता नको, ऊन उतरू दे," म्हातारा अनेस्ती म्हणाला, आणि गच्चीवरच्या सळया कापायला आलेल्या इलुंगाने चालू केलेला कटर पुन्हा बंद केला.

सकाळी म्हाताऱ्याला कटरचं पातं जाड वाटलं होतं, मग वारा जास्त वाटला. काँगोतल्या या लुबुम्बाशी शहरातल्या निम्म्या इमारती या ग्रीक आर्किटेक्टने तारखेच्या आत उभ्या केल्या, आणि आज स्वतःच्या गच्चीवर तो नुसत्या येरझारा घालत होता. खांबांच्या डोक्यांतून गंजक्या सळया वर आलेल्या. ग्रीसमधल्या त्याच्या बेटावर घर कधी पुरं करत नाहीत. मुलगी झाली की वरच्या मजल्यासाठी सळया सोडायच्या, लग्नानंतर तो मजला तिचा. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, म्हणतात. म्हाताऱ्याने घर अर्धंच बांधलं, आणि लग्न त्याच्या मुलीने, फोतिनीने, ब्रसेल्सच्या नगरपालिकेत स्वतःच उरकून टाकलं.

आता ती त्याला न्यायला आली होती. घर विकलं होतं.

"गच्ची मोकळी करून द्यायचं ठरलंय, बाबा. माझे किती फ्रॉक फाटले या सळयांत. मैत्रिणी विचारायच्या, तुमच्या घराला काटे का आलेत?"

"सगळ्या ग्रीकांच्या घरांना होते."

"ते सगळे केव्हाच गेले. तूच उरलास."

तेवढ्यात घर विकत घेणाऱ्या कापिंगाबाई धापा टाकत वर आल्या. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. हात लावून पाहिल्याशिवाय त्या काहीच घेत नसत. त्यांनी एक सळई हलवून बघितली.

"यांच्यावर मजला चढेल?"

"चढेल की. त्यासाठीच आहेत," अनेस्ती म्हणाला.

"मग राहू द्या. माझ्या धाकटीचं माझ्याशी पटत नाही. वर वेगळं बिऱ्हाड दिलं तर राहील तरी."

म्हाताऱ्याच्या अंगात एकदम वारं शिरलं. खिशातला खडू काढून तो गुडघ्यांवर बसला आणि फरशीवर रेघा ओढू लागला.

"जिना बाहेरून घ्या, म्हणजे येता-जाता तोंडाला तोंड लागायचं नाही. हे दार. स्वयंपाकघर इकडे, सकाळचं ऊन थेट चुलीवर येईल."

कापिंगाबाई आखलेल्या खोलीत उभ्या राहून मान डोलावत होत्या. म्हातारा किती दिवसांनी असा हसत होता.

"आणि पाळणा या कोपऱ्यात. तांब्याच्या भट्टीचा धूर इथे पोचत नाही."

"बाबा," फोतिनी म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच. "तो मजला माझा होता."

खडू थांबला.

"हे कधी तरी बोलायचं होतंस गं," तो वर न बघता म्हणाला.

इलुंगा कटरची वायर गुंडाळू लागला. कापिंगाबाई क्षणभर घुटमळल्या, मग लुगडं सावरावं तसं अंगावरचं कापड सावरून, जिथे दार आखलं होतं तिथूनच हळूच बाहेर आल्या.