मिस्टरांच्या नावावरचं कुलूप

"मॅडम, हे डिजिटल कुलूप तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे. त्यांच्या परवानगीशिवाय आम्हाला उघडता येत नाही. कंपनीची पॉलिसी आहे," कस्टमर केअरची मुलगी म्हणाली.

"त्यांनीच मला कोंडलंय," मृणाल म्हणाली. श्रीरंगने सकाळी तिला बेदम मारलं होतं आणि ऑफिसला पोहोचून मोबाइलवरून दार बंद केलं होतं. ओठातून अजून रक्त येत होतं.

"सॉरी, मॅडम."

मृणालने ओट्याखालून वरवंटा काढला आणि दोन्ही हातांनी कुलपावर घातला. घालतच राहिली. काच फुटली, तारा लोंबल्या, बोटं सोलवटली. शेवटी दार उघडलं.

जिन्यातच फोन वाजला. "कुलूप कोणी तोडलं?" श्रीरंग ओरडला.

"मी. पोलीस चौकीत चाललेय. ये तिथे."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला अरे-तुरे केलं होतं.