धरलेला श्वास

"जरा श्वास धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि शिट्टीबाईने धरला.

हे नाव तलावावरच्या पोरांनी ठेवलेलं. गळ्यात कायम शिट्टी, आवाज असा की बुडणाऱ्यानेही दचकून पोहायला लागावं. पोरांना पोहायला शिकवायचं म्हणजे सारखं पाण्याखाली जाऊन बघायचं, खरंच पाय कोण मारतंय आणि नुसतं नाटक कोण करतंय. श्वास धरणं हा तिच्या हातचा मळ होता.

खोलीत अंधार केला होता. पोटावर थंडगार जेल, त्यावरून सरकणारं यंत्राचं गुळगुळीत तोंड, आणि डॉक्टरीणबाईंचे डोळे समोरच्या पडद्यावर. उजव्या अंडाशयावर गाठ आहे एवढं आधीच कळलं होतं. ती कसली, ते आज कळायचं होतं. आई कॅन्सरने गेली, मागोमाग मावशी. दोघींचीही सुरुवात अशाच एका गाठीने झाली होती, आणि काळजीचं कारण नाही असं आधी दोघींनाही सांगण्यात आलं होतं.

इतर बायका थोड्या वेळाने आपण होऊनच श्वास सोडतात. त्यामुळे "सोडा" म्हणायची सवय डॉक्टरीणबाईंना कधी लागलीच नव्हती. आणि सांगितल्याशिवाय सोडायचा नाही, हे शिट्टीबाईच्या अंगात मुरलेलं. दोघी आपापलं काम मन लावून करत राहिल्या.

हळूहळू कानांत पाणी भरल्यासारखं झालं. यंत्राची घरघर लांब गेली. पडद्याचा उजेड छतावर हलायला लागला, दुपारी तलावाच्या तळावर हलतो तसा. त्या उजेडातून आई आली, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि तिच्या मागे मावशी. जन्मात कधी घोट्यापर्यंतसुद्धा पाण्यात न उतरलेल्या या दोघी बहिणी तळावरून आरामात चालत होत्या. मावशीचं नेहमीचंच चाललं होतं, कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी. आई नुसती हूं हूं करत होती. दोघींचे केस वर तरंगत होते. चांगले दाट, काळेभोर. शेवटी शेवटी राहिलेच नव्हते ते केस.

शिट्टीबाईला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. पाण्यात ते कुणाला दिसणार?

"इतका वेळ काय करतेयस गं?" आईने विचारलं.

"श्वास धरलाय."

"कशाला?"

"सोडला की त्या सांगतील."

"मग नको सोडूस एवढ्यात," मावशी म्हणाली. "बस की घटकाभर आमच्यापाशी."

"काहीतरीच काय बोलतेस!" आई मावशीवर खेकसली. एवढ्या रागात ती जिवंतपणीही कधी बोलली नसेल. मग तिने वर, उजेडाकडे बोट केलं. "जा गं तू. पोरगी एकटी बसलीय बाहेर."

"अहो बाई! अहो, सोडा की श्वास!"

डॉक्टरीणबाई तिचा खांदा गदागदा हलवत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही सोडा म्हणालाच नाहीत," शिट्टीबाई धापा टाकत म्हणाली.

"माझाच जीव घेतला असतात आज," असं म्हणून त्या कशाबशा हसल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला. करड्या धुक्यात एक काळाभोर गोल होता, कडा एकदम स्वच्छ. "ही बघा तुमची गाठ. साधी आहे. आत नुसतं पाणी. वाईट असं काही दिसत नाही. घरात दोघींना कॅन्सर होता म्हणून लक्ष ठेवायचं, तीन महिन्यांनी परत यायचं, बस."

शिट्टीबाईचा जीव भांड्यात पडला. पोटावरचं जेल पुसून ती उठली.

बाहेर बाकावर लेक बसली होती. आई दिसताच ती उठून उभी राहिली, पण पुढे काही तिला यायला जमेना.

"पाण्याची गाठ आहे," शिट्टीबाई म्हणाली. "वाईट काही नाही."

लेकीने मिठी मारली ती इतकी गच्च, की हसावं का ओरडावं ते कळेना. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. बघू देत. दोघी तशाच उभ्या राहिल्या, मग जिन्याकडे निघाल्या. शिट्टीबाईला जगातल्या सगळ्याच गोष्टी आवडायला लागल्या होत्या. भिंतीचा मळकट रंग, जिन्यातला फिनेलचा वास, कुणाच्या तरी तान्ह्याचं भोकाड. ती उगाचच काहीबाही बोलत सुटली.

जिन्याच्या मधल्या वळणावर लेक थांबली.

"आई, मग मी कधीपासून यायचं?"

"कुठे?"

"इथेच. आजी झाली, मावशीआजी झाली, आता तू येतेस. मला कळत नाही का?"

वेडी आहेस का, असं शिट्टीबाईला म्हणायचं होतं. तुला काय झालंय, असंही म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते तलावाच्या काठावर अडून बसलेल्या पोरांना रोज सांगायचं वाक्य.

"आधी मी उतरते. मग तू ये."

लेक हसली नाही. कठडा धरून ती खाली बघत होती.

"खोल आहे का गं?"

असं विचारणाऱ्या पोराला शिट्टीबाईने आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "हात दे."