जिव्हाळ्याचा धंदा

धुळ्यात भूपेंद्रचं साड्यांचं दुकान होतं. दुकानात साडी घेतलेल्या प्रत्येक बाईचा नंबर आणि जन्मतारीख त्यानं संगणकात भरून घेतली, आणि वाढदिवसाला आपोआप शुभेच्छा जातील अशी सोय केली. बायका खूश झाल्या, साड्या खपू लागल्या, आणि भूपेंद्र भेटेल त्याला सांगू लागला, "धंदा कापडावर नाही, जिव्हाळ्यावर चालतो."

आज जेवताना तर तो फारच रंगात आला होता.

"साक्रीच्या भिकुबाई अक्का एवढ्या लांबून मुद्दाम दुकानात आल्या," तो बायकोला सांगत होता. "काल त्यांचा वाढदिवस होता. माझा मेसेज दाखवता दाखवता डोळ्यांना पदर लावला. म्हणे, 'भाऊ, मना घरमा कोणलेच याद नही, तुलेच याद शे.' जाताना दोन भारी साड्या घेऊन गेल्या. काय एकेक माणसं असतात बघ, नूतन. घरच्या बाईचा वाढदिवस विसरतात."

नूतननं त्याला आणखी थोडा शिरा वाढला. मग हात पुसून मोबाइल उचलला आणि सकाळी आलेला मेसेज त्याला वाचून दाखवला.

"नूतनताई, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आपलाच भाऊ, भूपेंद्र."

भूपेंद्रचा घास हातातच राहिला.

"मग भाऊ," नूतननं शांतपणे विचारलं, "ओवाळणी काय आणली?"